मेक्सिकन क्रांतीत सगळेच क्रांतिकारक, मग एकमेकांना मारलं का? आणि जिंकलं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मेक्सिकन क्रांतीवरचं प्रकरण वाचलं, त्यात मादेरो, विया, सापाता, कारान्सा, ओब्रेगोन सगळ्यांनाच क्रांतिकारक म्हटलंय, आणि दोन पानं उलटली की हीच मंडळी एकमेकांना गोळ्या घालतायत. मग क्रांती नक्की कुणाची, कुणाविरुद्ध, आणि शेवटी जिंकलं कोण?

तू गोंधळलायस ते बरोबरच आहे, न गोंधळता ज्याला ही क्रांती कळते त्याने बहुतेक फक्त गाईड वाचलेलं असतं. मी बावीस वर्षं स्पॅनिश शिकवतेय आणि त्याबरोबर लॅटिन अमेरिकेचा इतिहासही, मध्ये काही वर्षं मेक्सिकोत राहून आले, आणि दर बॅचला कोणीतरी हाच प्रश्न विचारतं. आधी नावांचं सांगते. स्पेलिंग बघून आपल्याकडे 'झपाटा' आणि 'पान्चो व्हिला' म्हणतात, पण तिकडे ते सापाता आणि विया आहेत. झपाटा म्हटलं तरी चालेल, माणूस तसाच होता, पण मुलाखतीला वगैरे जाणार असशील तर सापाताच म्हण.

आता उत्तर. मेक्सिको सिटीत क्रांतीचं स्मारक आहे, प्रचंड मोठा तांब्याचा घुमट आणि खाली चार जाडजूड खांब. ही वास्तू मुळात क्रांतीसाठी बांधलेलीच नाही. ज्याच्याविरुद्ध क्रांती झाली त्या पोर्फिरिओ दियासने १९१० च्या सप्टेंबरात संसद भवनाची कोनशिला बसवली होती, काम अर्धवट राहिलं, लोखंडी सांगाडा वीसेक वर्षं गंजत उभा होता, आणि १९३० च्या दशकात कोणीतरी म्हणालं की पाडण्यापेक्षा यालाच स्मारक करून टाकू. पुढे त्याच्या खांबांमध्ये एकेकाच्या अस्थी आणून ठेवल्या. कारान्सा आहे, आणि कारान्साने ज्याला देशभर पळवलं तो वियाही आहे (वियाचं डोकं नाही, १९२६ मध्ये त्याची कबर फोडून कोणीतरी ते पळवलं, ते आजतागायत सापडलेलं नाही). मादेरो आहे. १९२० च्या दशकातला राष्ट्राध्यक्ष कायेस आहे, आणि कायेसला विमानात बसवून देशाबाहेर काढणारा नंतरचा राष्ट्राध्यक्ष कार्देनासही आहे, आणि गंमत म्हणजे हे दोघे वारले एकाच तारखेला, १९ ऑक्टोबरला, २५ वर्षांच्या अंतराने. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मी मनात म्हटलं, रात्री लाईट गेल्यावर आत काय भांडणं होत असतील.

सापाता मात्र तिथे नाही. का नाही ते शेवटी सांगते, कारण माझ्या मते तुझ्या 'जिंकलं कोण' या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

दियासपासून सुरुवात करू. हा १८७६ मध्ये सत्तेवर आला आणि मधली चार वर्षं सोडली तर १९११ पर्यंत हलला नाही. त्याने ज्या घोषणेवर बंड केलं होतं ती होती 'पुन्हा निवडणूक नको', म्हणजे एकदा राष्ट्राध्यक्ष झालेल्याने पुन्हा उभं राहायचं नाही. ही घोषणा लक्षात ठेव, ती परत परत येणार आहे. त्याच्या काळात प्रगती झाली नाही असं मुळीच नाही, तो आला तेव्हा रेल्वे जेमतेम साडेसहाशे किलोमीटर होती, १९१० मध्ये एकोणीस हजारांच्या वर गेली. खाणी, तेल, कापड गिरण्या, साखर कारखाने, परदेशी भांडवल, सगळं आलं. पण रेल्वे आली की काय होतं? जी जमीन काल कवडीमोलाची होती तिथला माल आज थेट बंदरावर जाऊ शकतो, म्हणजे ती जमीन कोणाला तरी हवीहवीशी वाटायला लागते, आणि ती ज्यांच्या ताब्यात असते त्यांच्याकडे वकील नसतो.

आणि इथे बहुतेक नोट्समध्ये चूक असते. गावांच्या सामायिक जमिनी दियासने हिसकावल्या असं सरळसोट लिहिलेलं असतं, पण त्याचं कायदेशीर मूळ त्याच्या आधीचं आहे, १८५६ चा लेर्दो कायदा, आणि तो केला होता पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ह्वारेसच्या उदारमतवादी मंडळींनी. हेतू चर्चची जमीन मोकळी करायचा होता, तत्त्व असं की जमीन संस्थेच्या नावावर नको, प्रत्येक तुकड्याला एक माणूस मालक हवा. पण आपल्याकडे गायरान असतं तशी, किंबहुना त्याहून जास्त, तिथल्या गावांची सामायिक शेतं, कुरणं, जंगल, पाण्याचे हक्क होते, कित्येकांचे स्पॅनिश राजवटीतले कागद होते, आणि त्या सगळ्याचा कायद्याने पायाच काढून घेतला. त्यावर १८८३ चा मोजणीचा कायदा आला, 'पडीक' सरकारी जमीन मोजून देणाऱ्या कंपनीला मोबदला म्हणून त्यातली एक तृतीयांश जमीन. मोजणारालाच तिसरा हिस्सा मिळणार असेल तर त्याला किती जमीन पडीक दिसेल तूच सांग.

मोरेलोस नावाचं छोटंसं राज्य आहे, राजधानीच्या दक्षिणेला डोंगर उतरलं की लागतं. सगळा ऊस. दीडएक डझन कुटुंबांच्या हातात जवळजवळ सगळी चांगली जमीन. ऊस, कारखाना, पाणी आणि राजकारण यांचं नातं मराठी माणसाला समजावायची गरज नाही, फरक एवढाच की तिथे शेतकरी सभासद नव्हता, आसिएंदाच्या म्हणजे त्या जमीनदारी इस्टेटीच्या पोटातला मजूर होता, नाहीतर कडेला अंग चोरून बसलेलं एखादं गाव. आनेनेक्विल्को हे असंच गाव. शेजारच्या आसिएंदाने गावाची जमीन दाबली, गावकरी विनवण्या करायला गेले की पाऊस येतोय, पेरू तरी द्या, तर उत्तर मिळालं म्हणे की पेरायचंच असेल तर कुंडीत पेरा.

सप्टेंबर १९०९ मध्ये या गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की आपल्याच्याने आता धावपळ होत नाही, आणि गावकीची जबाबदारी तिशीतल्या एका पोराकडे दिली, तो एमिलियानो सापाता. त्याच्या हातात त्यांनी बंदुका नाही दिल्या, एक पेटी दिली. त्यात गावच्या जमिनीचे जुने कागद, नकाशे, सनदा, काही तर नाउआत्ल या तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतले, जे वाचायला वेगळा माणूस शोधावा लागला. सापाता काही दरिद्री नव्हता हे पण लक्षात घे. स्वतःची थोडी जमीन होती, घोडे पारखण्यात आणि शिकवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, काही दिवस तो दियासच्या जावयाच्या तबेल्यात राजधानीत कामालाही होता. पोस्टरवर पांढऱ्या कपड्यातला साधासुधा शेतकरी दाखवतात तो सापाता दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रातला, खरा सापाता चांदीची बटणं लावलेली घट्ट काळी विजार घालायचा, एकदम टापटीप.

उत्तरेत, चिवावा, सोनोरा, कोआविला या भागात चित्र पूर्ण वेगळं. तिथे गुरांची अफाट कुरणं, खाणी, अमेरिकेची सीमा. चिवावात तेरासास नावाच्या एका कुटुंबाकडे वीस लाख हेक्टरच्या वर जमीन. तिथले बंडखोर म्हणजे काउबॉय, खाण कामगार, खेचरांवरून माल वाहणारे, बेकार झालेले मजूर, छोटे व्यापारी, शिक्षक. यांना एका गावची एक जमीन परत नको होती, किंवा फक्त तेवढीच नको होती. यांना जायला रेल्वे होती, गुरं सीमेपलीकडे विकून बंदुका घ्यायला अमेरिकन बाजार होता. सापाताचे लोक कापणीला घरी जायचे आणि मग परत लढायला यायचे. उत्तरेतल्या बंडखोरांचा पुढारी विया, त्याचे लोक बायकापोरांसकट आगगाडीच्या टपावर राहायचे. एकाच क्रांतीत हे दोन प्रकारचे लोक होते हे डोक्यात बसलं की अर्धं कोडं सुटतं.

आणि या दोघांच्या मध्ये फ्रान्सिस्को मादेरो. गडगंज श्रीमंत घरातला, बुटका, शाकाहारी, पॅरिस आणि बर्कलीत शिकलेला, प्लँचेटवर विश्वास असलेला माणूस. याने भगवद्गीतेवर टिपणं लिहिली होती, आणि अध्यात्मावरचं एक पुस्तक 'भीम' या टोपणनावाने छापलं होतं, खरंच. मादेरोचं म्हणणं साधं होतं, निवडणूक खरी व्हावी आणि दियासने पुन्हा उभं राहू नये. म्हणजे दियासचीच १८७६ ची घोषणा याने त्याच्याच तोंडावर मारली. १९१० च्या निवडणुकीआधी दियासने त्याला आत टाकलं, तो सुटून अमेरिकेत पळाला आणि तिथून जाहीरनामा काढला की २० नोव्हेंबर १९१० ला संध्याकाळी सहा वाजता उठाव करायचा. चक्क वेळ देऊन क्रांती, लग्नपत्रिकेसारखी. त्या दिवशी फारसं काही झालं नाही, पण हळूहळू चिवावाचे डोंगर पेटले, मे १९११ मध्ये सीमेवरचं सिउदाद ह्वारेस पडलं आणि ऐंशी वर्षांचा दियास राजीनामा देऊन बोटीत बसून पॅरिसला गेला, तिथेच १९१५ मध्ये वारला.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा. जून १९११ मध्ये सापाता मादेरोला भेटायला राजधानीत आला. मादेरो म्हणाला, जिंकलोय आता, बंदुका खाली ठेवा, जमिनीचं कायद्याने बघू. त्यावर सापाता हातात कार्बाईन घेऊन उठला आणि मादेरोच्या कोटावरच्या सोन्याच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाला, समजा मी बंदुकीच्या जोरावर तुमचं हे घड्याळ घेतलं, आणि उद्या आपण परत भेटलो, दोघांकडेही बंदुका, तर तुम्हाला ते परत मागायचा हक्क आहे की नाही? मादेरो म्हणाला आहेच, वर भरपाईही मागेन. सापाता म्हणाला, मोरेलोसमध्ये आमचं हेच झालंय. हा प्रसंग सापाताच्या बाजूच्या लोकांनी सांगितलेला आहे, शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण भांडण काय होतं ते यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. मादेरोची क्रांती संपली होती आणि सापाताची अजून सुरूच झाली नव्हती. मादेरो राष्ट्राध्यक्ष होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, नोव्हेंबर १९११ मध्ये, सापाताने आयाला योजना काढली: ज्या गावांकडे कागद आहेत त्यांनी आपली जमीन लगेच ताब्यात घ्यावी, आणि ज्याला हरकत असेल त्याने कोर्टात जावं. म्हणजे पुरावा द्यायचं ओझं जमीनदारावर. वकिलाला विचार हे वाक्य किती क्रांतिकारक आहे.

मादेरोची दुसरी चूक जीवघेणी ठरली. त्याने ज्यांच्या जोरावर जिंकला त्या बंडखोरांना घरी पाठवलं आणि दियासचं सैन्य जसंच्या तसं ठेवलं. फेब्रुवारी १९१३ मध्ये राजधानीत लष्करी उठाव झाला, दहा दिवस शहराच्या मधोमध तोफा चालल्या, आणि बचावाची जबाबदारी मादेरोने जनरल वेर्ताकडे दिली, जो आतून पलीकडच्यांना सामील होता. मादेरोच्या भावाने वेर्ताला पिस्तूल रोखून पकडून समोर आणला होता, तरी मादेरोने त्याला सोडलं, म्हणाला निष्ठा सिद्ध करायला चोवीस तास देतो. वेर्ताने ते चोवीस तास चांगलेच वापरले. मादेरो कैदेत, भाऊ हालहाल करून मारला, आणि हा सगळा सौदा पक्का झाला अमेरिकन राजदूत हेन्री लेन विल्सनच्या छायेखाली. (परीक्षेसाठी: हा विल्सन वेगळा आणि दोन आठवड्यांनी व्हाइट हाउसमध्ये आलेला वुड्रो विल्सन वेगळा, त्या दुसऱ्याने वेर्ताला मान्यता दिली नाही. दोघांना एक करून मार्क घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते.)

पुढे सगळं कायदेशीर दिसावं म्हणून काय केलं बघ. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांचे राजीनामे घेतले, मग नियमाप्रमाणे परराष्ट्रमंत्री पेद्रो लास्कुराइन राष्ट्राध्यक्ष झाला, त्याने वेर्ताला गृहमंत्री नेमलं आणि राजीनामा दिला, मग नियमाप्रमाणे गृहमंत्री राष्ट्राध्यक्ष. लास्कुराइनची कारकीर्द साधारण पाऊण तास. तीन दिवसांनी, २२ फेब्रुवारीच्या रात्री, मादेरो आणि उपराष्ट्राध्यक्ष पिनो सुआरेस यांना तुरुंगात हलवतो असं सांगून बाहेर काढलं आणि तुरुंगाच्या भिंतीमागे गोळ्या घातल्या.

या एका खुनाने सगळे एकत्र आले, पण वेर्ताविरुद्ध, एवढंच. कोआविलाचा गव्हर्नर कारान्सा, दाढीवाला, चष्मेवाला, खडूस म्हातारा, जुना सिनेटर, त्याने स्वतःला 'पहिला प्रमुख' म्हणवून घेतलं आणि त्याच्या पहिल्या योजनेत जमिनीचा शब्दही नव्हता, फक्त राज्यघटना परत आणायची. विया त्याच्या हाताखाली, पण नावालाच. सोनोराचा ओब्रेगोन, हरभऱ्याची शेती करणारा, मशीनमध्ये डोकं चालणारा, पत्ते आणि विनोद दोन्हीत तरबेज. जून १९१४ मध्ये वियाने साकातेकासला वेर्ताच्या सैन्याचा कणा मोडला, जुलैमध्ये वेर्ता पळाला. शत्रू संपल्यावर एकीचंही कारण संपलं.

ऑक्टोबर १९१४ मध्ये आग्वासकालिएन्तेसच्या नाट्यगृहात सगळ्या गटांची परिषद भरली. सगळ्या जनरलांनी स्टेजवरच्या राष्ट्रध्वजावर सह्या केल्या, शपथ म्हणून. मग सापाताचा प्रतिनिधी सोतो इ गामा उठला, झेंडा मुठीत चुरगळला आणि म्हणाला यावर मी सही करणार नाही, हा झेंडा गोऱ्या जमीनदारांच्या स्वातंत्र्याचा आहे, तिथल्या मूळनिवासी इंडियन लोकांना त्या स्वातंत्र्याने काय दिलं. सभागृहात पिस्तुलं बाहेर निघाली, सगळी त्याच्यावर रोखलेली. तो हात बांधून तसाच उभा राहिला, आणि शांतता झाल्यावर पुढचं भाषण केलं. विशेष म्हणजे त्यानंतर परिषदेने आयाला योजनेची मुख्य तत्त्वं मान्य केली. कारान्साने परिषदच मानली नाही, आणि परत लढाई सुरू, यावेळी विया-सापाता एकीकडे, कारान्सा-ओब्रेगोन दुसरीकडे.

डिसेंबर १९१४ मध्ये राजधानी विया आणि सापाताच्या हातात होती. दोघे सोचिमिल्कोला भेटले, आयुष्यात पहिल्यांदाच, अर्धा तास लाजत बसले, बोलायला काही सुचेना, मग कारान्साला शिव्या घालण्यावर गाडी आली आणि रंगली. सापाताने ब्रँडी मागवली, वियाला दारूची सवय नाही, घोट घेतला आणि ठसका लागून डोळ्यात पाणी. त्या बैठकीचं टिपण कोणीतरी लिहून घेतलंय, त्यात दोघेही तेच तेच बोलतायत, की हे शहर आपलं काम नाही, राज्यकारभार शिकलेल्यांनी बघावा, आपण लढाईतले. दोन दिवसांनी राजवाड्यातला तो फोटो, राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत विया खो खो हसतोय आणि शेजारी सापाता मांडीवर सोम्ब्रेरो, म्हणजे रुंद कडांची टोपी, ठेवून कॅमेऱ्याकडे असं बघतोय की केव्हा एकदा बाहेर पडतो. शहरात अफवा होती की सापाताचे रानटी लोक लुटालूट करणार, ते तर दारोदार टोपी काढून भाकरतुकडा मागत फिरत होते. मला विचारशील तर हरायची सुरुवात त्या फोटोत झाली. देशाची सत्ता हातात आली, आणि ती दोघांनाही नको होती.

ओब्रेगोनला मात्र हवी होती, आणि तो वर्तमानपत्रात युरोपातल्या महायुद्धाच्या बातम्या नीट वाचत होता. एप्रिल १९१५, सेलाया. सपाट प्रदेश, शेतांना पाणी द्यायचे पाट सगळीकडे. त्याने पाटांचेच खंदक केले, पुढे काटेरी तार, मागे मशीनगन. वियाचा एकच डाव होता, घोडदळाचा लोंढा, आजवर तो कधी फसला नव्हता. तो लोंढा त्याने पुन्हा पुन्हा त्या तारेवर घातला. दोन लढायांत त्याचं सैन्य खलास, पुढे जूनमध्ये ओब्रेगोनचा उजवा हात तोफगोळ्याने उडाला पण युद्ध तो जिंकला होता. त्या हातावर तो स्वतःच विनोद सांगायचा, की हात सापडेना म्हणून मित्राने सोन्याचं नाणं वर उडवलं, तर कुठून तरी हात उडी मारून आला आणि नाणं पकडलं. तो हात पुढे बरणीत घालून राजधानीतल्या त्याच्या स्मारकात ठेवला होता, १९८९ पर्यंत लोक बघायला जायचे.

जिंकलेल्या बाजूने केरेतारोला घटना परिषद भरवली, वियाचे आणि सापाताचे लोक नाहीतच त्यात. कारान्साला जुन्याच घटनेची डागडुजी हवी होती, पण त्याच्याच बाजूच्या तरुण जहाल लोकांनी ५ फेब्रुवारी १९१७ ला भलतीच घटना हातात दिली: कलम २७, जमीन आणि जमिनीखालचं सगळं मुळात राष्ट्राचं, गावांना जमीन परत मिळेल, कलम १२३, आठ तासांचा दिवस, किमान वेतन, संपाचा हक्क. तेव्हा रशियन क्रांती अजून व्हायची होती. म्हणजे हरलेल्या सापाताची मागणी जिंकलेल्यांच्या घटनेत गेली, आणि ती का गेली तर त्याशिवाय खेडी शांत होणार नाहीत हे ओब्रेगोनला कळत होतं. कारान्साला कळत नव्हतं, त्याने घटना छापली आणि मोरेलोसवर सैन्य पाठवत राहिला.

मग एकेक. सापाताला १० एप्रिल १९१९ ला चिनामेकाच्या आसिएंदात फितूर झाल्याचं नाटक करून कर्नल ग्वाहार्दोने बोलावलं, दारात सलामीची तुकडी उभी, बिगुल तीनदा वाजलं आणि सलामीच्या बंदुकांनीच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कारान्सा पुढच्याच वर्षी ओब्रेगोनच्या बंडामुळे राजधानी सोडून पळाला आणि मे १९२० मध्ये एका डोंगरी खेड्यातल्या झोपडीत झोपेत मारला गेला. वियाला सरकारने आसिएंदा देऊन गप्प बसवलं, १९२३ मध्ये पार्रालला त्याच्या गाडीवर गोळ्यांचा पाऊस. ओब्रेगोन एकदा राष्ट्राध्यक्ष झाला, मग घटना बदलून परत निवडून आला (ती घोषणा आठव), आणि जुलै १९२८ मध्ये एका हॉटेलात जेवताना एक तरुण व्यंगचित्र दाखवायला म्हणून जवळ आला आणि त्याने गोळ्या घातल्या. तो तरुण कट्टर कॅथलिक होता, तेव्हा कायेस सरकार आणि चर्च यांचं क्रिस्तेरो युद्ध चालू होतं, तो वेगळाच विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

दहा लाख मेले असं सगळीकडे लिहिलेलं असतं त्याबद्दल: १९१० च्या जनगणनेत साधारण १.५२ कोटी लोक होते, १९२१ मध्ये १.४३ कोटी. या फरकात लढाईत मेलेले आहेत, तसे १९१८ च्या फ्लूने आणि टायफसने गेलेले आहेत, अमेरिकेत पळालेले आहेत, आणि धामधुमीत मोजायचे राहिलेलेही आहेत. तो आकडा 'क्रांतीत ठार' असा लिहू नकोस. आणि त्या आगगाड्यांवरच्या सोल्दादेरा बायका, ज्या स्वयंपाकापासून बंदुकीपर्यंत सगळं करत होत्या, त्यांना मतदानाचा हक्क १९५३ मध्ये मिळाला, हे मात्र जरूर लिही.

ओब्रेगोनच्या खुनानंतर कायेसने १९२९ मध्ये सगळ्या जिवंत जनरलांना एका पक्षात बसवलं, म्हणजे भांडायचं ते बंद दाराआड. तोच पक्ष नावं बदलत बदलत पीआरआय झाला आणि २००० पर्यंत सत्तेत राहिला, ७१ वर्षं. 'क्रांती' हा एकवचनी शब्दही खरं तर या पक्षाची कमाई. सगळ्या मेलेल्या शत्रूंना एका घुमटाखाली आणलं की आपण सगळ्यांचेच वारस.

जमीन खरी वाटली लासारो कार्देनासने, १९३४ ते ४०, साधारण १.८ कोटी हेक्टर, आणि १९३८ मध्ये परदेशी कंपन्यांचं तेल ताब्यात घेतलं तेव्हा भरपाईसाठी बायका अंगठ्या आणि कोंबड्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. मला कार्देनास मनापासून आवडतो. पण इथे दोन शब्द आहेत ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही: रेस्तितुसिओन म्हणजे परत देणं, आणि दोतासिओन म्हणजे देऊ करणं. सापाताचं मागणं पहिलं होतं, घड्याळ आमचं आहे, परत द्या. सरकारने बहुतेक जमीन दुसऱ्या वाटेने दिली. एहिदो नावाची सामूहिक जमीन, मालकी राष्ट्राची, कसायचा हक्क तुमचा, विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कर्ज सरकारी बँकेचं, पाणी सरकारचं, आणि निवडणूक आली की ट्रकही सरकारचा. जमीन मिळाली, पोटाला मिळालं, ते खोटं नाही, पण हक्काचा उपकार झाला. जिंकलं कोण याचं माझं उत्तर हे, सोनोराचे लोक, म्हणजे ओब्रेगोन आणि कायेस, जिंकले, आणि टिकले ते सापाताची मागणी उचलून तिचं क्रियापद बदलल्यामुळे. १९९२ मध्ये त्याच पक्षाने कलम २७ बदलून वाटप थांबवलं आणि एहिदो विकायची वाट मोकळी केली, आणि १ जानेवारी १९९४ ला चियापासमध्ये जे बंड झालं त्यांनी नाव घेतलं ते सापाताचंच.

मराठी माणसाचा संबंध विचारतात म्हणून सांगते, आहे, आणि ओढूनताणून नाही. गदर चळवळीतले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवायला लागले. ते विद्यालय एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या आसिएंदात उभारलं होतं. तिथे त्यांनी मक्यावर काम केलं, नव्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या, आणि शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने काढलेल्या चित्रात भाकरी मोडून वाटणारा माणूस ते आहेत. मंत्रालयात जायला मिळालं तर तिसऱ्या मजल्यापर्यंत शोधत जा, मी दोन तास शोधत होते. दुसरा धागा म्हणजे १९६६ मध्ये आपल्याकडे जे अठरा हजार टन गव्हाचं बियाणं आलं, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४, त्यातलं सोनोरा म्हणजे ओब्रेगोनचं सोनोरा, आणि तिथल्या गहू संशोधनाचं गाव त्याच्याच नावाचं, सिउदाद ओब्रेगोन.

आता सापाताच्या अस्थी. तो मोरेलोसमध्ये कुआउत्लाला आहे. पक्षाने त्यालाही त्या घुमटाखाली न्यायचा घाट घातला होता, मोरेलोसच्या गावांनी नेऊ दिलं नाही. मी गेले तेव्हा तिथे पुतळ्याखाली एक म्हातारा शेंगदाणे विकत होता, त्याला विचारलं की का नाही दिलं, तर म्हणाला, बाई, तिकडे त्याला मारणारे झोपलेत.

आणि ती कागदांची पेटी. लढाईला जाताना सापाताने ती गावातल्या फ्रान्सिस्को फ्रांकोकडे दिली, हरवलीस तर झाडाला लटकवीन असा दम भरून. फ्रांकोने ती डोंगरात लपवली, सैन्याने गाव जाळलं तेव्हा सांभाळली, सापाता मेला तरी सांभाळली, जमीन मिळाली तरी सांभाळली, कारण गावाचे वाद संपलेच नव्हते, आता डोळा क्रांतीतून वर आलेल्या जनरलांचा होता. १९४० च्या दशकात एक शाळामास्तर आला, सापाता दरोडेखोर होता असं मानणारा, फ्रांकोने त्याला कागद दाखवले आणि त्याने त्यावरून त्या गावाचा साडेतीनशे-चारशे वर्षांचा इतिहास लिहिला. १९४७ च्या डिसेंबरात फ्रांकोचा खून झाला.